पाटावरचा लॅपटॉप

माझा नवरा काय काम करतो, हे आमच्या बिरसी गावात सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. टिकेश पुण्याच्या एका मासिकासाठी तंत्रज्ञानावर लेख लिहितात आणि गोंदियाच्या राइस मिलवाल्यांना कॉम्प्युटरचा सल्ला देतात. नोकरी नाही, पण काम आहे. एवढी साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ! घरी बसतो म्हणजे रिकामाच, असा गावाचा ठाम समज. कोणी बंद पडलेला मोबाइल आणून देतो, कोणी गॅस बुक करून मागतो. सासूबाईंचं तर विचारूच नका. कॉल सुरू असो, डोक्यावर गावच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घरघरत असो, त्या दारातून ओरडणारच, "टिकेश, रिकामाच आहेस त धानाच्या बांधीतलं पाणी पाहून ये!"

ह्या दसऱ्याला कहर झाला. अर्धा लेख लिहायचा राहिला होता आणि तो संध्याकाळपर्यंत गेला नाही तर काम दुसऱ्याला देऊ, असं संपादकांनी बजावलं होतं. टिकेश अंघोळ करून आले, तर टेबलावर लॅपटॉपच नाही. तो देवासमोर पाटावर, विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ यांच्या रांगेत! वर हळदकुंकू, अक्षता, झेंडू. आमच्या घरची रीत अशी की पुजलेलं अवजार दुसऱ्या दिवशीपर्यंत उचलायचं नाही.

माझं डोकंच फिरलं. "आई, हे कायले ठेवलं? काम जाईल त्यांचं!"

"कामाचं आहे म्हणूनच त पुजलं. हात नोको लावू."

मी तरी वाकलेच. टिकेशनी माझा हात धरला. "राहू दे."

आणि हा शहाणा माणूस पाटासमोर मांडी घालून मोबाइलवर अंगठ्यानं लेख पुरा करत बसला. मी स्वयंपाकघरात भांडी आदळत राहिले.

दुपारी शेजारचा दुलीचंद बंद पडलेला मोबाइल घेऊन आला. सासूबाईंनी त्याला दारातच अडवलं.

"काकी, दोन मिनटाचं त काम आहे. रिकामाच त बसला आहे टिकेश."

"रिकामा नाही तो. काम करून राहिला. उद्या येजो."

टिकेशचा अंगठा थांबला. मान मात्र वर झाली नाही.

"लिहा आता, वेळ चालला," मी खेकसले. पण ह्या वेळी भांडी न आदळता त्यांच्यासाठी चहा ठेवला.