रिकाम्या पोटाचा नियम

कंबर धरली म्हणून मी गल्लीपलीकडच्या शाळेत सकाळच्या योगवर्गाला जायला लागले. शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीच्या वयाच्या, पण आवाजात जरब. पहिल्याच दिवशी त्यांनी अष्टांगयोगाची सगळी अंगं सांगितली. यम, नियम, आसन, प्राणायाम, असं करत पार समाधीपर्यंत. समाधीची मला घाई नव्हती, नीट वाकता आलं तरी पुरे होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "उद्यापासून रिकाम्या पोटी यायचं."

दुसऱ्या दिवशी आमचं निम्मं रिसोड गाव चहा पिऊन आलं. आमच्याकडे चहा खाण्यापिण्यात धरतच नाहीत. पुढे वाकलो की पोटं डुबडुब वाजायची. बाईंनी कपाळाला हात लावला. मी मात्र हट्टाला पेटले आणि सकाळचा चहा बंदच केला.

अडचण वाटेतच होती. शेजारचे चाचा रजया भरतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून मला बेटी म्हणतात. पहाटेची फजरची नमाज झाली की किटली घेऊन ओट्यावर बसायचे आणि जाता-येता मला हाक मारायचे. मी रोज नको म्हणू लागले.

"काहून वो, आमचा चहा कडू झाला काय तुले?" एक दिवस ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून मला पाहिलं की तोंड फिरवून बसू लागले. माझं तर माहेरच तुटलं. डोळे मिटले की ध्यान लागायचं ते थेट किटलीवर.

शेवटी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, सगळ्यात आधी यम, आणि यमात आधी अहिंसा. कोणाचं मन दुखवायचं नाही."

"मग रिकामं पोट?"

"तेही पाळायचं."

मला रागच आला. सगळंच पाळायचं तर माणसानं जगायचं कधी? त्याच तिरमिरीत वर्ग सुटल्यावर सतरंजी काखेत मारून चाचांच्या ओट्यावर जाऊन बसले. म्हटलं, "द्या आता चहा."

किटली गच्च भरलेली होती आणि गार पडलेली.

"तुमी पेला नाई?"

"तुई चाची गेल्यापासून एकट्यानं घोट उतरत नाई, बेटी. तू बसली की पेतो. नाई बसली की राहून जाते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत जाऊन मीच चहा गरम केला आणि दोघांनी मिळून किटली संपवली.

आता चाचा चुलीवर आधण ठेवतात ते वर्ग सुटायच्या बेतानं. मला उशीर झालाच, तर शाळेच्या दारात येऊन बाईंना विचारतात, "अजून किती ध्यान बाकी हाय वो?"