त्याच्या मापाचं जॅकेट

फ्रीमाँटच्या आमच्या टाउनहाउसमध्ये गराजच्या कोपऱ्यात माझं शिलाई मशीन आहे. ब्लाउज सैल करणं, साड्यांना फॉल लावणं, पँट आखूड करणं, अशी कामं घेते. एका शनिवारी दारात एक मुलगी उभी दिसली. माझ्या खांद्यालाही लागत नव्हती. मी विचारलं, “आई कुठेय तुझी?”

तिनं डोक्यावरचा स्कार्फ मागे सरकवला. केस निम्मे पिकलेले. “आई मीच आहे,” ती म्हणाली.

ती कांगोच्या जंगलातली. लढाईत घरदार सुटलं, नवरा गेला, आणि फिरत फिरत ती इथे आली. एका वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत काम करायची. युनिफॉर्मची पँट तिला हातभर लांब व्हायची. लहान मुलांचे कपडे घ्यायला मात्र साफ नकार. “त्यांच्यावर कार्टून असतात,” म्हणायची.

मग ती येतच राहिली. मला ‘दादा’ म्हणायची. मी हसले, तर तिनं सांगितलं, स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण.

माझा नवरा म्हणाला, “म्हणजे पिग्मी, त्या ठेंगण्या लोकांतली.” मला पिग्मी म्हटलं की सांगलीला आमच्या दुकानात रोज पिग्मीचे पैसे गोळा करायला येणारा पतपेढीचा एजंटच आठवायचा. तिला तो शब्द आवडत नसे. “इथे डॉक्टर विचारतात, लहानपणी उपाशी होतीस का? अगं, मध, मासे, कंद, पोटभर खायचो. माझी आई अशीच, आजी अशीच. आमच्यात तर मी उंच! नवऱ्याहून बोटभर जास्त. लग्नात सगळ्यांनी केवढं चिडवलं त्याला.”

पळापळीत तिचा मुलगा हरवला होता. तो युगांडातल्या एका छावणीत सापडला. मग रोज व्हिडिओ कॉल. शेवटी त्याचं इकडे यायचं ठरलं, तेव्हा ती निळं कापड घेऊन आली. “जॅकेट शिव. एअरपोर्टवर तो मोठ्या माणसासारखा दिसायला हवा.”

“माप?”

तिनं स्वतःच्या डोक्यावर हात आडवा धरला, मग किंचित खाली आणला. “बापावर गेलाय.”

मी बाह्यांना आत जास्तीचं कापड ठेवलं. बटणं तिनंच निवडली, पितळी रंगाची.

जॅकेट न्यायला ती आली ती बेल न वाजवता पायरीवर बसून राहिली. मी गाडी काढायला बाहेर आले तेव्हा दिसली. छावणीत मुलाला ताप आला होता, दवाखाना लांब होता. सगळं आटोपल्यावर तिला फोन आला होता.

मी गुडघे टेकून तिला जवळ घेतलं. ती रडत नव्हती. पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, “फोनवरचा माणूस म्हणाला, एक लहान मूल गेलं. दादा, तो बावीस वर्षांचा होता. दाढी करायचा. त्यांनी त्याला लहान पोरांच्या शेजारी पुरलं.”

रविवारी तिच्या अपार्टमेंटमध्ये प्रार्थना होती. जॅकेट खुर्चीच्या पाठीवर घातलेलं. शेजारची एक बाई ते बघून हळहळली, “एवढंसं लेकरू!”

ती उठली. “लेकरू नाही,” ती म्हणाली. “माझा मुलगा पुरुष होता. लग्न करणार होता. आमच्याकडे पुरुषाचं जॅकेट एवढंच असतं.” आणि तिथेच, सगळ्यांसमोर, खाली बसून ती मोठमोठ्यानं रडली. मी तिचा हात धरून होते.

महिन्याभरात ती टेक्सासला गेली. तिच्याकडची काही कुटुंबं तिथे आहेत. कधीतरी फोन करते, लाँड्रीतल्या नव्या मशीनबद्दल, उन्हाबद्दल सांगते. मुलाचं नाव काढत नाही. मीही काढत नाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ मशीनपाशी बसते, पण पायडलवर पाय ठेववत नाही.