मिर्ताले कुणासाठी गप्प राहिली

पालाटिन टेकडीच्या उतारावर सम्राटाच्या नातीचं, बाईसाहेबांचं, घर होतं. मिर्ताले तिथं लोकर तोलायची. रोज सकाळी सूत कातणाऱ्या दासींना जिची तिची लोकर मापून द्यायची आणि सांजेला सूत मापून घ्यायचं, हे तिचं काम. कुणी मूठभर लोकर पदराआड केली तर तिच्या नजरेतून सुटत नसे. जीभही तिखट. त्यामुळे दासी तिला वचकून असत.

तिचा माणूस निकोन बाईसाहेबांच्या पालखीला पुढून डाव्या खांद्यावर असायचा. दासांची लग्नं कायदा मानत नाही, पण घरात सगळे त्यांना नवराबायकोच म्हणत. निकोनला गाण्याचा भारी नाद, आणि सूर मात्र एकही धड लागायचा नाही. चढावर तो गायला लागला की बाकीचे तिघे पालखी टाकून पळायच्या गोष्टी करत.

बाईसाहेब सव्वीस वर्षांच्या विधवा. त्यांचा भाऊ गादीच्या वाटेवर दुसऱ्या नंबरला उभा होता. त्या हिवाळ्यात म्हातारा सम्राट अंथरुणाला खिळला आणि टेकडीवरच्या घराघरांत कुजबुज सुरू झाली. बाईसाहेबांना धीर निघेना. त्यांनी निकोनला नदीपलीकडं पाठवून एक ज्योतिषी बोलावला. दुपारी सगळं घर आडवं झालेलं असताना मागचं दार मिर्तालेनं उघडलं. म्हातारा कधी जाणार आणि भावाचं काय होणार, एवढंच बाईसाहेबांनी विचारलं. ज्योतिष्यानं मेणाच्या पाटीवर रेघोट्या ओढल्या आणि अंजीर पिकायच्या आत निकाल लागेल असं सांगितलं.

"या थोरामोठ्यांच्या भानगडीत तू कशाला पाय घालतोस?" मिर्ताले निकोनवर चिडली.

"पाय माझे असले तरी पालखी त्यांची आहे ना? नेतील तिकडं चालायचं," तो म्हणाला.

अंजिरं पिकली आणि म्हाताराही खडखडीत बरा झाला. कुणीतरी कान भरले. भावाला पकडलं, बहिणीवर सम्राटाचं मरण चिंतल्याचा आरोप आला. मालकाविरुद्ध बोलतं करण्यासाठी त्याच्याच दासाला छळायचं नाही, असा कायदा होता. त्याला पळवाट काढणं काही अवघड नव्हतं. सरकारी खजिन्याचा माणूस कागद घेऊन आला आणि घरातले आठ दास नावापुरत्या किमतीला विकत घेऊन मोकळा झाला. आता ते बाईसाहेबांचे राहिलेच नाहीत, म्हणजे कायदाही मोडला नाही. बाईसाहेबांनी कागदावर शिक्का उठवून दिला.

"नाही म्हटलं असतं तर गुन्हा कबूल केल्यासारखं झालं असतं," कारभारी पाकातुस नजर चुकवत म्हणाला.

"म्हणजे आम्हाला विकलं की त्या निर्दोष?" मिर्ताले म्हणाली. "बरंय. बाजारात बसवलं असतं तर देवीच झाल्या असत्या."

आठ जणांच्या रांगेत तिनं डोळे फिरवून पाहिलं. निकोन नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला.

तीन दिवस तिला लाकडी घोड्यावर, हातपाय खेचायच्या त्या छळाच्या चौकटीवर, ताणलं. घरात कोण आलं होतं आणि त्याला कुणी आणलं होतं, हे दोनच प्रश्न. बाकीच्या सातांनी काही पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं ते हिनं एकटीनं. ज्योतिष्याचं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न निकोनचा होता आणि त्यापुढं क्रूस. "मी लोकर तोलते," ती म्हणत राहिली. "लोकरीचं विचारा." तिसऱ्या दिवशी दोन्ही मनगटं मोडली, तेव्हा कुठं त्यांनी तिला खाली उतरवलं.

भावाला दूरच्या बेटावर धाडलं, तिथं तो उपाशी मेला. बाईसाहेबांवर मात्र काही शाबित झालं नाही. म्हाताऱ्यानं निवडलेल्या माणसाशी मुकाट्यानं लग्न करून त्यांनी आपली मान सोडवून घेतली. मिर्ताले खजिन्याची दासी झाली होती, ती तशीच राहिली. तिला परत विकत घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मनगटं वाकडी जुळली. सरकारी विणकामाच्या कारखान्यात ती लोकर पिंजत बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून निकोनला निरोप द्यायची. उत्तर काही येईना.

चार महिन्यांनी जुन्या घरातली म्हातारी त्रिफोसा सूत घेऊन आली.

"त्याला सांग, एकदा तरी येऊन जा म्हणावं," मिर्ताले म्हणाली. "पालखीवाल्याला एवढंही चालवत नाही होय?"

त्रिफोसानं गाठोडं खाली ठेवलं. "पोरी, तुला कुणी सांगितलंच नाही? तुम्हाला नेलं त्या दिवशी पहाटेच बाईसाहेबांनी त्याला बंदरावर विकायला लावला. असलं बोलकं तोंड घरात नको म्हणाल्या."

मिर्ताले रडली नाही. ती उठली आणि पिंजलेल्या लोकरीच्या ढिगाला लाथा घालत सुटली. मुकादम ओरडला, काठी घेऊन धावला. ती थांबली ती पाय थकल्यावरच. जिच्यासाठी सगळे मरत होते ती घरात बसली होती, आणि ज्याच्यासाठी हिनं हाडं मोडून घेतली त्याला त्याच बाईनं केर काढावा तसा घराबाहेर काढला होता.

सहा वर्षांनी म्हातारा गेला. नव्या सम्राटाला बेटावर मेलेल्या भावाचा एकाएकी कळवळा आला. चौकात पुतळे उभे राहिले, बाईसाहेबांची पालखी पुन्हा राजवाड्यात जाऊ लागली. जुन्या खटल्यातल्या दासांना मोकळं केलं, त्यात मिर्तालेही सुटली. सुबुराच्या गरीब वस्तीतल्या एका बोळात तिनं लोकरीचं दुकान टाकलं. तराजू कोपरात अडकवून धरायची, पण मापात बोट ठेवायला जागा नसे.

एक दिवस पाकातुस पांढरंशुभ्र वस्त्र घेऊन दारात उभा राहिला.

"बाईसाहेबांनी जेवायला बोलावलंय. मोठी माणसं येणार आहेत. तुझी एकनिष्ठा त्यांना दाखवायची आहे."

"एकनिष्ठा? ती कुठल्या भावानं देतात?"

"बोलायचं काही नाही. नुसतं पायाशी बसायचं आणि हात दिसतील असे ठेवायचे."

"येते," ती म्हणाली. "मलाही त्यांना एक विचारायचंय."

ऊन उतरायच्या आत पाहुणे जमले. कोंबड्या झाल्या, मासे झाले. बाईसाहेबांनी मिर्तालेचा हात स्वतःच्या हातात घेऊन सगळ्यांना दाखवला. "तीन दिवस. माझं नावसुद्धा घेतलं नाही हिनं. अशी माणसं आता कुठं मिळतात?"

"बाईसाहेब," मिर्ताले म्हणाली, "निकोनला कुणाला विकलंत?"

"कोण गं निकोन?"

"तुमच्या पालखीचा पुढचा डावा."

बाईसाहेबांनी खरंच आठवून पाहिलं. "किती आले नि गेले. नाही बाई आठवत."

मिर्तालेनं हात सोडवून घेतला. "मग ऐका. मी तुमच्यासाठी गप्प नव्हते. ज्योतिषी आला होता. दार मी उघडलं, आणि त्याला आणला निकोननं. त्याला खिळे ठोकतील म्हणून मी दात आवळून धरले. तुमचं नाव तिन्ही दिवस माझ्या जिभेवर होतं. त्याला न अडकवता सांगता आलं असतं तर पहिल्याच घटकेला थुंकले असते."

कुणाचा घास चावला जाईना. सम्राट कधी मरणार हे ज्योतिष्याला विचारणं, मग सम्राट जुना असो की नवा, ऐकणाऱ्याच्याही मानेला फास होता. बाईसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. पण त्या राजघराण्यात वाढलेल्या होत्या.

"बिचारी," त्या हसून म्हणाल्या. "छळात डोकं गेलं हिचं. तरी बघा, बोलावलं की येते."

पाहुण्यांनी सुटकेचा श्वास सोडला. हसले. वाढपी पुढं सरकले.

पाकातुसनं तिला दंडाला धरून जिन्यापाशी आणलं. "समुद्रापलीकडं नुमिदियात संगमरवराची खाण आहे, तिथल्या खाणीवाल्यानं घेतला त्याला," तो हळू आवाजात म्हणाला. "मीच बंदरावर नेला होता."

"सहा वर्षं तोंडात काय मूग गिळून बसला होतास?"

"मीही दासच आहे ना, मिर्ताले."

"मी कोण होते मग?" ती म्हणाली, आणि त्या वाकड्या हातानं त्याच्या तोंडात मारली. लागलं तिलाच जास्त.

पुढचे दोन उन्हाळे तिनं ओस्तिया बंदरावर जाऊन दगडाची जहाजं आणणाऱ्या तांडेलांना गाठलं. शेवटी एकानं खबर आणली. असा एक बेसूर गाणारा खाणीत होता. पहिल्याच हिवाळ्यात शिळेखाली सापडून मेला. म्हणजे ती कारखान्यात बसून त्याला टोमणे मारणारे निरोप धाडत होती, तेव्हाच तो गेला होता किंवा जायच्या बेतात होता. तांडेल तिच्याकडं बघत थांबला, बाई रडेल म्हणून. "तुझ्या जहाजात काय आहे?" तिनं विचारलं. संगमरवर आहे, त्याच खाणीतला, राजवाड्यासाठी, तो म्हणाला. ती धक्क्यावर जाऊन त्या पिवळ्या शिळांवर थुंकली. पहारेकऱ्यानं हटकलं तेव्हा दुसऱ्यांदा थुंकली.

बाईसाहेबांच्या मेजवान्यांत एकनिष्ठ दासीची ती गोष्ट पुढंही रंगत राहिली. आता गोष्टीच्या शेवटी ती दासी मालकिणीचं नाव घेत मरत असे. गिऱ्हाइकांकडून हे कानावर आलं की मिर्ताले तराजू खाली ठेवायची आणि निकोनची हकीकत पहिल्यापासून सांगायची. ज्योतिषी, मागचं दार, बंदर, खाण, काही न गाळता, भर बोळात, मोठ्यानं. "अगं, हळू बोल, भिंतींना कान असतात," शेजारणी म्हणत.

"म्हणूनच मोठ्यानं बोलते," ती म्हणायची.