घड्याळ चमकेल म्हणून

श्यामकांत दिल्लीच्या एका प्रयोगशाळेत टेक्निशियन. अठरा वर्षं काम एकच: काचेच्या टाकीत पाणी भरायचं, दूध घालून ते गढूळ करायचं आणि तळाशी ठेवलेली वस्तू कॅमेऱ्याला सापडते का ते बघायचं. कॅमेऱ्यापुढची खास काच एकाच दिशेनं कंप पावणारा प्रकाश आत घेते, बाकीची धुंदी गाळून टाकते. धातू ठसठशीत उजळतो. कापड-कातडं मळकट डाग होऊन राहतं. प्रयोगशाळेचे साहेब या कामावर परदेशात भाषणं देऊन येत. दूध मात्र श्यामकांतनंच आणायचं.

बुधवारी सकाळी त्याचे वडील हिंदुराव, निवृत्त सुभेदार, मयूर विहारच्या घरातून निर्माल्य सोडायला यमुनेवर गेले आणि पाय घसरून आत पडले. पाणबुड्यांनी दिवसभर शोधलं. त्या काळ्या पाण्यात त्यांना स्वतःचा हात दिसेना.

गुरुवारी श्यामकांतनं साहेबांच्या हातापाया पडून कॅमेरा होडीवर आणला. वडिलांच्या मनगटावर पलटणीचं स्टीलचं घड्याळ असायचंच.

“घड़ी चमकेगी, भैया,” तो पाणबुड्यांना म्हणाला. “जो चमके, बस वही देखो.”

चमकण्याला तोटा नव्हता. नाणी, ताटल्या, एक पितळी बाळकृष्ण. दिल्लीकरांनी पुलावरून भिरकावलेलं सगळं पुण्य तळाशी लखलखत होतं. पाणबुडे प्रत्येक ठिपक्यावर उतरले. पुलाच्या खांबापाशी एक लांबट मळका डाग आला.

“यहाँ उतरें, साहब?” नावाड्यानं विचारलं.

“नहीं, गाद है.” श्यामकांतला तो गाळच वाटला. “आगे चलो.”

दुपारी वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडलं. नदी फुगली, शोध थांबला.

घरी आई, कृष्णाबाई, दारातच उभी होती. “सापडले का रे?”

“नाही. घड्याळसुद्धा दिसलं नाही, आई.”

“ते कसं दिसेल? देव्हाऱ्यात आहे की! निर्माल्य सोडताना भिजेल म्हणून ते दर वेळी काढून ठेवतात. तुला माहीत नाही?”

त्याला माहीत नव्हतं. वडील निर्माल्य घेऊन निघायच्या आत तो प्रयोगशाळेसाठी दूध घ्यायला बाहेर पडलेला असे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ती गत झाली.

तो खाली बसला. कॅमेऱ्यातलं चित्रण लॅपटॉपवर उघडलं, खांबापाशी थांबवलं, मोठं केलं. डागाला दोन हात होते. तिथं आता नदी धो धो वाहत होती.

“काय दिसतंय रे?” आईनं विचारलं.

“गाळ,” श्यामकांत म्हणाला.