न झोपलेल्या खाटेचं भाडं

काकांच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी फोनवर एका अनोळखी माणसाला ‘हो, देऊ’ म्हणून बसलो. कोणाला देऊ, कशाचं देऊ, हे विचारायचं राहून गेलं. भंडाऱ्यात माझं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं ब्लाउजपीस उधार मागितला तर मी त्याच्या आज्यापर्यंत चौकशी करतो. पण त्या दिवशी डोक्यावर ताजं मुंडण होतं आणि अंगात ताजा मोठेपणा.

मोठेपणा तेरवीनंच आणला होता. आमच्या घरी पंगत उठायच्या आधी कर्ता पुरुष हात जोडून उभा राहतो आणि विचारतो, गेलेल्या माणसाकडे कोणाचं काही घेणं असेल तर सांगा, आम्ही फेडू. काका-काकूंना मूलबाळ नाही, माझे वडील आधीच गेलेले, म्हणून मी उभा राहिलो. बोलताना, आपण बरं बोलून राहिलो, असंही मनात येऊन गेलं. एका शेजाऱ्यानं चाचरत सांगितलं की त्याची कुदळ काकांकडे राहून गेली आहे. ती तिथल्या तिथे आणून त्याच्या हाती दिली. बाकी कोणी तोंड उघडलं नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी फोनवर कोणी म्हणालं, की अंकलच्या नावावर थोडी बाकी आहे, फॅमिली क्लिअर करणार ना, तेव्हा मला वाटलं, पंगतीत बोलायला लाजलेला कोणी असेल. हो, देऊ.

तो निघाला एका हॉलिडे क्लबचा माणूस. दरवर्षी एक आठवडा थंड हवेच्या ठिकाणी खोली, पुढची कितीतरी वर्षं, असं काहीतरी काकांनी विकत घेतलं होतं. त्याचे पैसे तर निवृत्तीच्या रकमेतून आधीच घेऊन झाले होते. वर दरसाल देखभालीची फी. तुम्ही जा, नाहीतर जाऊ नका, फी चुकणार नाही. ती थकली होती आणि तिच्यावर व्याज चढत होतं.

काकांचं उभं आयुष्य चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली गेलं. निवृत्तीनंतर वरठीला दोन खोल्या बांधल्या. लय खाली उतरलो, आता थोडं वर जाऊन बर्फ पाहू, असं ते म्हणायचे. नागपूरला काकूंचा चष्मा करायला गेले, तिथे कोणीतरी कुपन भरून घेतलं. मग फोन आला, तुमचा नंबर लागला, जोडीनं या. हॉटेलचा गार हॉल, गाणी, टायवाली पोरं. काका नाही म्हणाले की आधीच्यापेक्षा मोठा साहेब येऊन बसायचा. पण सहीचं खरं कारण काकूंनी मला फार नंतर सांगितलं. “त्याईच्या इथं जेवलो ना बाबू. जेवून उठल्यावर नाई कसं म्हनाचं?”

हे ऐकल्यापासून माझं रक्त जे उकळलं ते अजून निवलेलं नाही. त्या लोकांना हे ठाऊक होतं. जेवण त्यासाठीच होतं. म्हाताऱ्या माणसाला पनीर वाढायचं आणि त्याची लाज गहाण ठेवून घ्यायची, हा त्यांचा धंदा. नंतर काकांनी जेव्हा जेव्हा खोली मागितली, तेव्हा सीझन फुल. एकदा मिळत होती ती ऐन धानाच्या रोवणीत. त्या वर्षी सानगडीच्या माझ्या शेतात मजूर मिळेना, काका स्वतः चिखलात उभे होते. बर्फ तर सोडाच, त्या खोलीची किल्लीसुद्धा त्यांनी कधी पाहिली नाही.

आता माणूस गेला, तरी फोन चालूच. काकांच्या बँकेतल्या ठेवीला वारस म्हणून माझ्या वडिलांचं नाव होतं, आणि तेही वर गेलेले. त्यामुळे कोर्टाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र आणल्याशिवाय काकूंना पैसे मिळेनात, आणि त्या ठेवीशिवाय त्यांना दुसरा आधार नव्हता. क्लबवाल्यांना याचा वास लागला. मला सांगत, तुमचा होकार रेकॉर्ड झाला आहे, मेंबरशिप तुमच्या नावावर करून घ्या, व्याज माफ करतो. काकूंना सांगत, आम्ही कोर्टात हरकत घेऊ, पैसे अडकतील.

मी वकिलाकडे गेलो. ते म्हणाले, तुमच्या एका होकारानं तुम्ही मेंबर होत नाही. पण तो नावावर करायचा फॉर्म भराल तर जन्मभर भराल. त्यांचं काही घेणं असेल तर ते काकांनी मागे ठेवलेल्यातून, तेही त्यांनी कोर्टात येऊन सिद्ध केल्यावर. मग माझ्या मुंडणाकडे पाहून म्हणाले, सध्या फोनवर कमी बोला.

हे सगळं मी काकूंना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आत गेल्या आणि रुमालात बांधलेल्या पाटल्या माझ्यापुढे ठेवल्या.

“तू भर पंगतीत जबान देल्ली, बाबू. देनं ठेवून गेलेला मानूस अडकून रायते. ईक ह्या, अन् त्याईले देऊन टाक.”

कोर्टाला माझा होकार मान्य नव्हता, पण काकूंना होता. मला त्या फोनवाल्याचा गळा धरावासा वाटला आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा. मी ओरडलो, अशा चोरांना पाटल्या द्यायच्या? काकू शांतपणे म्हणाल्या, मंग हो काहून म्हनलास?

रुमाल तसाच आमच्यामध्ये पडलेला असताना फोन वाजला. तोच माणूस. मी तोंड उघडणार तोच काकूंनी मोबाईल माझ्याकडून घेतला. मी स्पीकर लावून दिला. तो गोड आवाजात म्हणाला, मॅडम, अंकलची आठवण म्हणून तरी कंटिन्यू करा.

काकूंनी विचारलं, आमचे हे तुमच्या तिथं कवा राहिले? त्यानं कुठेतरी पाहून सांगितलं, एकदाही नाही, पण फी देखभालीची असते.

“मंजे न झोपलेल्या खाटेचं भाडं,” काकू म्हणाल्या. “बरं, तेरवीले तुमचा कोनी मानूस आल्ता का?”

त्याला तेरवी माहीत नसावी. तो म्हणाला, कशाला, मॅडम?

“त्या दिवशी भर पंगतीत इचारलं, कोनाचं काई असन तं सांगा. कुदळवाला आला, आपली कुदळ घेऊन गेला. तुमाले कोनी अडवलं होतं? आमच्या ह्यायनं तुमच्या इथं जेवून सही केली. तुमी आमच्या दुःखात घासभर जेवाले बी नाई आले. पंगत उठली आता. तुमचं काई नाई इथं.”

फोन त्यांनी मला परत दिला, कारण बंद कसा करायचा ते त्यांना येत नव्हतं. मी तो बंद केला. एवढं एक काम त्या दिवशी माझ्या हातून नीट झालं. पाटल्या काकूंच्या हातात परत चढेनात. माझ्या बायकोनं साबण लावून एकेक चढवली.

वकिलांनी क्लबला लेखी कळवलं की मेंबर वारले आहेत, मेंबरशिप कोणी पुढे चालवणार नाही, घेणं असल्यास कोर्टात मांडावं. प्रमाणपत्रासाठी पेपरात जाहीर सूचना निघाली, कोणाची हरकत असल्यास हजर व्हावं. म्हणजे कोर्टही तेरवीसारखंच विचारतं, फक्त जेवायला घालत नाही. तारखेला पट्टेवाल्यानं दारात पुकारा केला. मी मुठी वळून बाकावर बसलो होतो. यावा एखादा टायवाला, असं वाटत होतं. कोणी आलं नाही. इतके दिवस एका म्हातारीला रडवलं, आणि समोर यायची हिंमत नाही.

प्रमाणपत्र मिळालं, ठेव काकूंच्या नावावर झाली. आम्ही वरठीला त्यांना सोडून मोटारसायकलवर भंडाऱ्याला निघालो. वाटेभर मी क्लबवाल्यांच्या खानदानाचा उद्धार करत होतो. मागे बसलेल्या बायकोनं बरंच ऐकून घेतलं, मग म्हणाली, “तुमच्या तेरवीले काय बोलाचं ते मी पाहून घेईन. तवरक फोन वाजला का माह्याजवळ देत जा.”