आंधळी खिडकी

काकू कुणाच्याही घरात शिरल्या की आधी भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करायच्या. नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला आम्ही नवं घर घेतलं, तेव्हा चहाच्या आधी त्यांनी सगळा हॉल वाजवून पाहिला आणि म्हणाल्या, "पोकळ आहे. पण तसं लपवत नाही, हे बरं." ही स्तुती होती, हे त्यांच्या मुलीनं मला नंतर समजावून सांगितलं.

काकू मूळच्या पुण्याच्या आर्किटेक्ट. उभं आयुष्य इंग्लंडमध्ये जुनी घरं जपण्यात गेलं. काका गेल्यावर त्या मुलीकडे, म्हणजे आमच्या शेजारी, राहायला आल्या. इंग्लंडच्या शहरांतली ती घरं तुम्हीही चित्रांत पाहिली असतील: भिंतीला भिंत लावून एका ओळीत उभी, उंच, अरुंद, वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांची. काकू सांगायच्या, पहिल्या मजल्याच्या खिडक्या सगळ्यांत उंच, कारण तिथे पाहुणे बसायचे. वर जावं तशा त्या लहान होतात आणि नोकरांच्या वाट्याला नुसता झरोका उरतो.

अशाच एका घरावर त्यांचा फार जीव. त्याची डागडुजी त्यांच्याच देखरेखीखाली झाली होती. दर्शनी बाजूची ओळ बिघडू नये म्हणून बांधणाऱ्यानं तळमजल्यावर एक आंधळी खिडकी ठेवली होती. बाहेरून चौकट, आत वीट. आताच्या मालकाला ती फोडून खरी खिडकी करायची होती आणि परवानगीआधी तिथल्या नगरपालिकेनं काकूंचं मत मागवलं. हात लावू द्यायचा नाही, हे त्यांनी इथूनच ठरवलं होतं. तरी घर पाहायला त्या इंग्लंडला निघाल्या. त्यांना हृदयाचं दुखणं होतं, म्हणून मुलीनं मला सोबत धाडलं.

त्या खिडकीमागे एक छोटी खोली होती. मालकाच्या आईला जिने चढवेनात, म्हणून तिचं अंथरूण तिथे घातलेलं. भर दुपारी दिवा लागलेला. काकूंनी सवयीनं भिंत वाजवली, तशी म्हातारीनं विचारलं,

"बाहेर ऊन आहे का?"

 काकू खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. मग बराच वेळ दोघींचं गुडघे, सुना, औषधं असं चाललं. शेवटी काकू उठल्या आणि मालकाला म्हणाल्या, "उघडा. पण चौकट बाकीच्यांसारखीच हवी. काचही जुनी, जराशा लाटा असलेली."



"आयुष्यभर मी लोकांना नाही म्हणत आले," परतीच्या गाडीत त्या म्हणाल्या. "बहुतेक वेळा ते बरोबरच होतं."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "बहुतेक वेळा."

गेल्या हिवाळ्यात काकू वारल्या. उन्हाळ्यात बायकोला घेऊन मी इंग्लंडला, त्या घराच्या रस्त्यावर गेलो. दुपारचं ऊन सगळ्या खिडक्यांवर सारखंच पडलं होतं. यातली नवी कोणती ते ओळख, असं मी तिला म्हटलं. तिनं बराच वेळ निरखून पाहिलं आणि बोट दाखवलं ते भलत्याच खिडकीकडे.