रांगोळीतली भेग

खुर्चीवर बसण्याआधी मामा तिच्यावर टिचकी मारायचे आणि कान लावून ऐकायचे. पसंत पडली तर म्हणायचे, "वाजतंय की." शिवाजी पेठेतल्या माझ्या डिझाइनच्या दुकानातली एकही वस्तू त्यांच्या टिचकीतून सुटली नाही. एकदा माझ्या टकलावरही बसली.

उचगावजवळच्या कारखान्यात ओतकाम करून निवृत्त झालेला हा माणूस लोखंडी नळ्या, पत्रे आणि स्वतःचा खर्जातला आवाज घेऊन पाच जणांचा एक विचित्र वाद्यवृंद चालवायचा. गाणं कधी सुरू होणार, असं लोक विचारायचे तेव्हा ते संपत आलेलं असायचं. तुम्हीही उठून गेला असतात. मी बसायचो, कारण मला हा माणूस फार आवडायचा.

वृंदाचं चिन्ह, पोस्टर, तिकीट सगळं मी करायचं ठरलं. मी तंबोरे काढले, लाटा काढल्या. त्यांनी कागदावर टिचकी मारली.

"न्हाय वाजत. पावणं, चिन्ह काढायचं नसतंय. त्ये येतंय."

दुसऱ्या दिवशी ते एक डबा घेऊन आले. तोंडावर ताणून बांधलेलं रबर, बाजूला नळी. रबरावर रांगोळी पसरून त्यांनी नळीत लांब सूर लावला. रांगोळी थरथरली, सरकली आणि तिचं आपोआप फूल झालं.

एक पाकळी मात्र मधेच तुटली होती. मी फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर ती सांधून टाकली.

"हितली भेग कुठं गेली?"

"नीट केली, मामा."

"ती माझी हाय." त्यांनी गळ्यावर बोट ठेवलं. "हितं गाठ हाय. सूर हितंच अडकतोय. म्होरल्या महिन्यात डाक्टर आवाजाची पेटीच काढणार. हाय तसा आवाज ऱ्हाऊ दे की कुठंतरी."

मी भेग परत घातली. मला रडू येत होतं.

ऑपरेशननंतर ते टिचक्यांनीच बोलायचे. एक म्हणजे होय, दोन म्हणजे नाही. दिवाळीच्या आधी तेही थांबलं.

गेल्या महिन्यात उरलेल्या चौघांनी एका शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम केला. भर दुपारी. मागे माझं पोस्टर, भेगेसकट. मामांच्या जागी तो डबा, रबरावर रांगोळी पसरलेली. त्यांच्या सुराची वेळ आली तेव्हा चौघं ठरल्याप्रमाणे गप्प बसले. पंखेही बंद होते.

मी पहिल्या रांगेत होतो, म्हणून सांगतो. रांगोळी थरथरली, सरकली आणि फूल झालं. बाहेरून ट्रक गेला असेल, म्हणा खुशाल. मीही तेच म्हटलं असतं.

पण मी उठलो, जवळ जाऊन वाकलो. एकदा पोस्टरकडे बघितलं, एकदा डब्याकडे. फूल तेच होतं. फक्त तुटकी पाकळी सांधलेली होती.